सालोत्रीसाहेबांचा डावा कान

माझं लग्न बैलाचे डोळे बघून ठरलं. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या बायकोकडे. बायकोनेही दर वेळी साक्ष दिली आहे. ती म्हणते, "मला कुणी बघितलंच न्हाई. सायेब गोठ्यात गेले, हरण्याला बघितलं आन् मला पसंत करून आले."

हे साहेब म्हणजे धारूरच्या जनावरांच्या दवाखान्याचे सालोत्री. निजामाच्या राज्यात गुराढोरांच्या सरकारी डॉक्टरला सालोत्री म्हणायचे. मी त्यांच्या हाताखाली ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, म्हशीने साहेबांना लाथ मारू नये म्हणून मध्ये उभं राहायचं आणि ती लाथ आपण खायची, एवढं माझं काम. साहेबांचं खरं नाव सांगून काही उपयोग नाही. तालुक्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बहुतेक त्यांच्याही ते लक्षात राहिलं नसावं. एकदा टपाल घेऊन शिपाई आला आणि नाव वाचून म्हणाला, हे कोण? साहेब म्हणाले, "देख बाबा, बाजारात विचार कुणाला तरी."

ते मूळचे बीड शहरातले. जवानी मोमिनाबादच्या छावणीत रिसाल्याच्या घोड्यांमागे गेलेली. उंच, हडकुळे, डोक्यावर लाल रूमी टोपी, तिचा काळा गोंडा डाव्या अंगाला लोंबणारा, आणि डावी भुवई कायमची होरपळलेली. नव्या माणसाला वाटायचं, लढाईत काहीतरी झालं असावं. लढाई कसली, मेणबत्ती.

ही मेणबत्ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चोवीस तास असायची. जनावर अंधारात न्यायचं आणि पेटती मेणबत्ती त्याच्या डोळ्यापुढे धरायची. डोळा निरोगी असेल तर त्यात एका मेणबत्तीच्या तीन ज्योती दिसतात. दोन सुलट आणि तिसरी अगदी बारीक, उलटी टांगलेली. मेणबत्ती उजवीकडे नेली की सुलट्या दोघी तिच्याबरोबर उजवीकडे जातात आणि उलटी डावीकडे पळते. ही उलटी गायब असली की समजायचं मोतीबिंदू. रिसाल्यात घोडा घेताना असाच डोळा पारखत म्हणे. साहेब सांगायचे, "दोन ज्योती काचंत पण दिसत्यात, ड्रेसर. तिसरी दिसली तर समजायचं, घरात मालक हाय."

भर उन्हात अंधार कुठून आणायचा? त्यासाठी आमच्याकडे एक घोंगडी होती. ती साहेब स्वतःच्या आणि जनावराच्या डोक्यावरून घ्यायचे आणि आत मेणबत्ती लावायचे. बाहेरून बघणाऱ्याला नुसती एक हलणारी घोंगडी दिसायची. खाली चार पाय जनावराचे, दोन साहेबांचे, वरून निघणारा धूर, आणि आतून आवाज, "माशाल्ला! वा! काय डोळा हाय बे!" मी बाहेर पाण्याची बादली घेऊन उभा. बादली दोनदा कामाला आली, पण भुवईला काही ती वेळेवर पोचली नाही.

माणसाच्या डोळ्याबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. शेळीची आडवी बाहुली त्यांना फार आवडायची. मला म्हणायचे, "शेळी समोरचा पाला खाती आन् मागून लांडगा येतो का ते बी बघती. तुला मागून कोण येतंय ते कळतंय का?" हे त्यांनी मला विचारलं तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बिडी ओढत होतो आणि माझ्या मागे तहसीलदार उभे होते.

माणसाच्या कानाबद्दल तर विचारूच नका. गाईच्या कानाला हलवायला डझनाच्या वर दोऱ्या आहेत, असं ते सांगायचे. दोन्ही कान दोन दिशांना, पाहिजे तेव्हा, पाहिजे तसे. "आन् आपला कान? खुदानं दिलाय कशाला, तर बिडी अडकवायला." ह्या अन्यायाविरुद्ध त्यांनी एकट्याने झुंज दिली होती. रोज सकाळी नमाज झाली की ते आरशासमोर बसत आणि कान हलवायची कसरत करत. कित्येक वर्षांनी डावा कान वश झाला. उजव्याने शेवटपर्यंत दाद दिली नाही. साहेब खूश झाले की डावा कान आपोआप हलायचा, आणि त्याच्याबरोबर टोपीचा गोंडा. रजा मागायची असली तर मी तोंडाकडे न बघता गोंड्याकडे बघायचो. पुढे पुढे मीही घरी, बायको पाण्याला गेली की, आरशासमोर बसून खटपट करू लागलो. माझा एकही कान कधी हलला नाही. भुवया मात्र वर गेल्या आणि पाणी घेऊन आलेली बायको म्हणाली, "असं दचकल्यावानी काय करताव?"

दवाखान्यातल्या फळीवर बाटल्या होत्या. त्यांत स्पिरिटमध्ये डोळे ठेवलेले: घोड्याचा, म्हशीचा, शेळीचा, कोंबडीचा. बाया आत येताना पदर पुढे ओढून घ्यायच्या, एवढे परके डोळे बघताहेत म्हणून. ह्या दवाखान्याला कुलूप कधी लागलं नाही, कारण अंधार पडल्यावर आत यायची कुणाची छातीच नव्हती. एका गड्याने आजारी शेळी आणली होती. साहेब दुसऱ्या जनावरात गुंतले म्हणून तो फळीसमोर बसून राहिला. बाटलीतला शेळीचा डोळा त्याच्याकडे बघतोय, तो शेळीकडे बघतोय. शेवटी त्याने आपण होऊन सांगून टाकलं की शेळी त्याची नाही, शेजाऱ्याची आहे. साहेब म्हणाले, "शेळी कुणाची बी असू दे, तिच्या डोळ्यात कुसळ हाय, ते आधी काढू."

कुसळ निघायचं तिसऱ्या पापणीखालून. साहेबांना राग यायचा तो ह्या एकाच विषयावर, पण यायचा तेव्हा बेफाम. गाय, बैल, घोडा, ह्या सगळ्यांना नाकाकडच्या कोपऱ्यात एक आडवी सरकणारी पापणी असते. जनावर आजारी पडलं की ती बाहेर डोकावते. मग गावोगाव फिरणारा कुणी वैदू यायचा, "मास वाढलंय" म्हणायचा आणि आकडीने ओढून ती कापून टाकायचा. असा एक वैदू साहेबांना बाजारात सापडला. साहेबांनी त्याची गचांडी धरली. "उद्या येतो तुझ्या घरी. दार वाढलंय म्हणतो आन् काढून नेतो!" मग त्यांनी तिथल्या तिथे एका म्हशीच्या डोळ्यावर बोटाने हलकेच दाब दिला, ती गुलाबी पापणी बाहेर सरकली आणि गर्दीला दाखवली. म्हशीचा मालक बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हशीला तीन पापण्या हायत्या, आन् आमाला दोनच?" साहेब त्याला मिठी मारायचेच बाकी राहिले. गोंडा नुसता नाचत होता.

साहेबांची बढती झाली नाही ती एका घोडीमुळे. हैदराबादेहून एक बडे अंमलदार दौऱ्यावर आले होते. त्यांच्या घोडीच्या बाहुलीवर, वरच्या काठाला, काळ्या मण्यांसारखं काही लोंबत होतं. अंमलदारांनी फर्मावलं, हे कापून काढा. साहेब म्हणाले, "हुजूर, सगळ्या घोड्यांना असतंय. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून छज्जा हाय तो." अंमलदार म्हणाले, हुकूम आहे. साहेब म्हणाले, "मग आधी हुजूरनी आपल्या भुवया काढून द्याव्या. मेणबत्ती माझ्याकडं हाय." मी तेवढ्यात घोडीच्या पोटाखाली काहीतरी शोधायला वाकलो आणि अंमलदार जाईपर्यंत वर आलोच नाही. पुढे साहेबांच्या बरोबरीचे लोक औरंगाबादेला गेले, हैदराबादेला गेले. साहेब धारूरलाच राहिले. त्यात भलं झालं ते आमचं आणि आमच्या गुरांचं.

आता लग्नाची गोष्ट. मला वडील नव्हते, म्हणून मुलगी बघायला वडीलकीच्या नात्याने साहेबच आले. घाट उतरून डोंगराखालच्या गावात गेलो. मुलीचे वडील म्हणजे त्या गावचे थोरले पाटील. आम्हाला घोंगडीवर बसवलं, गूळपाणी झालं. मी खाली मान घालून जमिनीचं सारवण बघत होतो. एवढ्यात गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली, आणि वर बघतो तर साहेब जाग्यावर नाहीत. मुलगी येऊन बसली, नाव सांगितलं, उठून आत गेली. मी सारवणच बघत होतो.

मग साहेब आले. टोपीवर कडबा, जळक्या भुवईचा वास, आणि गोंडा हलतोय.

"ड्रेसर, हो म्हण."

"साहेब, मी अजून नीट..."

"तिन्ही ज्योती हायत. कोपऱ्यात चिपडं न्हाईत. माशी बसलेली न्हाई. ह्या घरात बैलाचे डोळे रोज कुणीतरी वल्या फडक्यानं पुसतंय. कोण पुसतंय?"

मग आतून आवाज आला, "मी."

"बस्स," साहेब म्हणाले, "आता काय बघायचं ऱ्हायलं?"

तो बैल म्हणजे हरण्या. सासऱ्यांचा जीव की प्राण, आणि गावचा मानाचा बैल. त्या गावची रीत अशी, की पोळ्याला सगळ्या बैलांच्या आधी मानाचा बैल वेशीतून, तोरणाखालून जातो आणि थेट मारुतीच्या पारापर्यंत चालतो. एकटा. कासरा सोडलेला. कुणी त्याला हात लावायचा नाही, कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. तो अडला किंवा ठेचकाळला, तर मान त्या घरातून उठला आणि भाऊबंदाच्या घरात गेला. हे भाऊबंद म्हणजे धाकले पाटील. त्यांच्या घराण्याने हा मान आजोबांच्या काळात असाच घालवला होता, आणि दर पोळ्याला ते वेशीजवळ उभे राहून आमच्या बैलाच्या खुरांकडे बघायचे.

माझ्या लग्नाला काही वर्षं झाली होती. त्या वर्षी पोळा जवळ आला आणि सासऱ्यांचा निरोप आला, तातडीने या. गेलो. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला गोठ्यात नेलं आणि हळूच सांगितलं, "जावईबापू, हरण्याला दिसत न्हाई."

"कधीपासून?"

"पार उन्हाळ्याधरनं. कुणाला बोललो न्हाई. जोडीला लावून कामं करून घेतली. आन् आता धाकल्यानं गावभर केलंय, की थोरल्याचा बैल आंधळा हाय, पोरं तुडवील, त्याला वेशीत आणू नका. उद्या खांदमळणीला पंच बसणार. सरकारी सालोत्री म्हणंल तसं करायचं, असं ठरलंय."

साहेब डोळ्याबद्दल खोटं बोलणार नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सासरे बाजेवर बसले आणि म्हणाले, "माझ्या हातानं मान गेला तर मी त्या वेशीतनं पुन्यांदा कसा जाऊ?" शेताला जायला दुसरी वाटच नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्याने, हळदीने मळतात. त्याच वेळी साहेब आले. अंगणात पंच बसलेले, त्यांच्यामध्ये चौगुले आजा, म्हणजे रीतीभाती ठाऊक असलेला गावचा म्हातारा. धाकले पाटील नवा पटका बांधून आले होते. साहेबांनी हरण्याला बघून "सलाम, पुराने दोस्त" म्हटलं आणि घोंगडीत शिरले. मी बादली घेऊन उभा. धूर निघाला. मग घोंगडी फेकून साहेब बाहेर आले.

"तिन्ही ज्योती हजर! डोळा साफ हाय!"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. चमत्कार म्हणावा तर बैल आमच्यासमोर उभा होता, कालच्याइतकाच आंधळा. सासूबाईंनी आत देवाला गूळ ठेवला. माझ्या मनात आलं, आता गप्प बसावं, साहेबांना जेवायला घालावं आणि घाट चढवून द्यावं.

पण धाकले पाटील उठले. "सायेब, मग ही बाज मधी टाकतो. चालवा त्याला."

बाज टाकली. हरण्या चालत आला. बाजेजवळ येताच मामांना खोकला आला, आणि हरण्या वळला.

"खोकायचं न्हाई!" धाकले पाटील ओरडले.

साहेब मात्र बाजेकडे बघतच नव्हते. त्यांची नजर हरण्याच्या कानांवर खिळली होती. एक कान पुढे, एक मागे. मग मागचा पुढे, पुढचा बाजूला. क्षणभर स्वस्थता नाही. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ओसरीवरच्या ढिगातलं कापसाचं बोंड काढून हरण्याच्या डोळ्यांसमोर अलगद सोडून दिलं. कापूस तरंगत खाली आला. हरण्याची बाहुली हलली नाही, पापणी लवली नाही. मग साहेब लांब जाऊन, पाठमोरे उभे राहून, नखाने नख वाजवू लागले. एवढ्या लांबून हरण्याचा कान फिरला आणि त्यांच्या पाठीवर रोखला गेला.

"मी चुकलो," साहेब मोठ्याने म्हणाले. "बैल आंधळा हाय."

सासरे मट्कन त्या बाजेवरच बसले. मला साहेबांचा असा राग आला की बादली त्यांच्या डोक्यावर ओतावी. आणि साहेब? साहेबांचा गोंडा नाचत होता! "ड्रेसर, बघितलंस का? काच साफ, बाहुली साफ, पण मागची नस मेली. दिवा लागलेला हाय, घरात मानूसच न्हाई! तीन ज्योती असून आंधळा! मी आजवर कधी बघितलं न्हाई बे!"

मी त्यांना बाजूला ओढलं. "साहेब, निकाल लागला होता. परत घ्यायची काय गरज होती?"

त्यांचा गोंडा थांबला. "ड्रेसर," ते म्हणाले, "डोळ्याबद्दलच खोटं बोललो, तर मग बोलायला माझ्याकडं काय ऱ्हायलं?" माझा राग मात्र गेला नाही.

इकडे धाकले पाटील म्हणत होते, मान आमचा झाला. तेव्हा चौगुले आजा पहिल्यांदा बोलला. "कसा झाला? रीत चालण्याची हाय. डोळ्याचं कुणी काय सांगून ठेवलेलं न्हाई. उद्या वेशीतनं चालला तर मान थोरल्याचा. ठेचकाळला, अडला, तर तुझा."

धाकले पाटील हसले. "हलगीच्या दणक्यात? आंधळा बैल? चालू द्या की."

त्यांचं हसणं बरोबर होतं. हरण्याचे डोळे म्हणजे आता त्याचे कान, आणि पोळ्याच्या दिवशी वेशीत हलगी, ताशा, शिंगं, पोरांच्या पिपाण्या, असा गोंगाट असतो की डोळस माणसालाही आपण कुठे आहोत ते कळत नाही.

पोळ्याच्या सकाळी साहेबांनी माझ्याकडे बँडेज मागितलं आणि मला त्यांचे डोळे करकचून बांधायला लावले. "हरण्या रोज शेतातनं ह्याच वाटेनं येतो ना? त्याला काय ऐकू येतं ते मला ऐकायचंय." आणि निजाम सरकारचे सालोत्री रूमी टोपी घालून, डोळे बांधून, गावच्या वेशीतून मारुतीकडे निघाले. मागे सगळी पोरंसोरं. पहिल्या खेपेला ते कमानीच्या दगडावर आपटले. दुसऱ्या खेपेला पाण्याच्या हौदात एक पाय गेला. तिसऱ्या खेपेला कमानीतून नीट पार पडले, आणि पुढे कशाला तरी थडकून ते चाचपू लागले. नाक, मिशा, पटका.

"हा खांब कुठला?"

"मी हाय, सायेब," धाकले पाटील म्हणाले.

साहेबांनी पट्टी सोडली. "पाटील, तुमची वेस बोलती! पाऊल टाकलं की आवाज परत येतो. कमान जवळ आली की आवाज जाड होतो. बाहेर पडलं की पातळ. हरण्याला समदं ऐकू येतंय!"

"आज कसं येईल?" धाकले पाटील म्हणाले, आणि निघून गेले.

साहेब हलगीवाल्याकडे गेले. तो हात जोडून म्हणाला, "सायेब, पोळ्याला मी हलगी बंद केली, तर गाव मला बंद करंल." त्याचंही खोटं नव्हतं. साहेब परत आले. दुपारभर त्यांचा कान एकदाही हलला नाही.

दिवस कलताना वेशीबाहेर बैल उभे राहिले. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली. तोरण बांधलं. मंगलाष्टका झाल्या आणि हलगी कडाडली. सासऱ्यांनी हरण्याच्या गळ्यातला कासरा सोडला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि रीतीप्रमाणे मागे सरले. पलीकडे मारुतीच्या पारावर सासूबाई आणि माझी बायको ताट घेऊन उभ्या होत्या.

हरण्या हलला नाही. त्याने कान मानेला चिकटवून घेतले होते. अंगावर काटा यावा तशी त्याची कातडी थरथरत होती. एक खूर उचलून त्याने पुन्हा तिथेच ठेवला. गाव बघत होतं. धाकल्या पाटलांनी पटका सारखा केला.

आणि साहेब वेशीच्या ओट्यावर चढले. छावणीत सकाळच्या कवायतीला चारशे घोडे एका शब्दात उभे करणारा तो जुना आवाज त्यांनी कुठून काढला कोण जाणे.

"खामोश!"

हलगी थांबली. ताशा थांबला. शिंगवाला तोंडात शिंग धरून तसाच राहिला. लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प झाले. असा शब्द त्या गावाने कधी ऐकला नव्हता, आणि साहेब एक हात वर करून असे उभे होते की पुन्हा सुरू कुणी करायचं, हेच कुणाला कळेना.

हरण्याचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. एक पुढे आला. एक बाजूला गेला. त्याने एक खूर टाकला आणि थांबला, वेस काय बोलते ते ऐकत. मग दुसरा. धाकल्या पाटलांच्या कडेवरच्या नातवाने पिपाणी तोंडाला लावली. पाटलांनीच ती झडप घालून काढून घेतली, आणि पोराच्या तोंडावर तळहात ठेवला. त्यांनी असं का केलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या वेळी कुणीही तेच केलं असतं. हरण्या तोरणाखालून गेला. कमानीबाहेर आला, आणि पुढे मोकळ्या जागेत बावरला. तिथे भिंत नाही, आवाज परत यायला काही नाही.

पारावर माझ्या बायकोचे हात कापत होते. बांगड्या ताटावर किणकिणल्या. ज्या बांगड्यांच्या हाताने लग्नाआधी रोज सकाळी त्याचे डोळे पुसले होते, त्या हाताकडे हरण्याचा डावा कान वळला. मग मान वळली. मग सरळ, एकदाही न ठेचकाळता, तो पारापर्यंत गेला आणि तिच्या पदरात तोंड घातलं.

सासरे लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. साहेबांवरचा राग कुठे गेला ते कळलं नाही. हलगी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी ओट्याकडे बघितलं. साहेबांचा गोंडा असा उडत होता की टोपी पडेल असं वाटलं.

धाकल्या पाटलांनी तक्रार केली, नाही असं नाही. "सायेब बोलले! बोलायचं न्हाई अशी रीत हाय."

चौगुले आजा म्हणाला, "बैलाशी बोलायचं न्हाई. सायेब आपल्याशी बोलले."

पुढच्या वर्षी हरण्या नव्हता. सासऱ्यांनी चांगला डोळस खोंड तयार केला होता. त्याला शांततेची काही गरज नव्हती. पण तोरणाजवळ हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. त्याच्या पुढच्या वर्षीही थांबला. साहेब काही वर्षांनी बीडला गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या बाटल्या कुठे गेल्या ते मला ठाऊक नाही. मेणबत्तीचा एक तुकडा माझ्याकडे आहे.

यंदा पोळ्याला आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी त्या गावी गेलो. मानाचा बैल वेशीत आला आणि हलगी थांबली. शेजारच्या तरुण पोराला मी मुद्दाम विचारलं, का रे थांबली?

"नंदी देवाशी बोलत असतो, आजोबा. मधी आवाज करायचा न्हाई. पूर्वापारची रीत हाय."

मी म्हणालो, अरे, ही रीत एका सालोत्र्याने पाडली. मुसलमान होता, रूमी टोपी घालायचा. त्या ओट्यावर उभा होता.

पोराने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "कायतरीच. रीत काय कुणी एकटा मानूस पाडत असतो व्हय?"

मी पुढे बोलणार होतो, पण बायकोने माझा हात दाबला. बोलायचं नव्हतं. बैल कमानीत शिरला होता. अख्खं गाव श्वास रोखून उभं होतं, आणि त्याचा एक कान पुढे होता, एक मागे. मला साहेबांची फार आठवण आली. ओट्याकडे बघवेना, म्हणून मी बैलाच्या कानांकडेच बघत राहिलो.

घरी येताना बायको म्हणाली, "आज तुमचा कान हालला."

मी म्हणालो, काहीतरीच, वारा असेल.

"वारा कुठं होता?" ती म्हणाली. "डावा हालला. मी बघितला."